झेनॉनची बाई

पिनबॉलच्या काचेवरच्या बाया चाळीसेक वर्षं गप्प होत्या. यंत्राच्या मागच्या बाजूला जी उभी पेटी असते, तिच्या रंगवलेल्या काचेवर त्या असायच्याच. कधी पोहण्याच्या कपड्यांत, कधी सर्कशीतल्या घोड्यावर, कधी पत्त्यांतली राणी होऊन, कधी कुणा दणकट नायकाच्या दंडाला बिलगून. त्यांच्या आजूबाजूला दिवे लागायचे, आकडे उमटायचे. गिऱ्हाईक बहुतेक पुरुष, बारमध्ये नाहीतर बोलिंगच्या अड्ड्यावर उभा. त्याची नजर कशानं अडेल याचा हिशोब करूनच चित्रकार ब्रश हातात घ्यायचा. १९८० च्या अखेरीस शिकागोच्या बॅली कंपनीनं ‘झेनॉन’ नावाचं यंत्र बाजारात आणलं आणि यातली एक बाई बोलू लागली. नाणं टाकून खेळ सुरू केला की ती सावकाश, खोल आवाजात झेनॉनमध्ये स्वागत करायची. चेंडू बंपरवर, म्हणजे त्याला उडवून लावणाऱ्या गोल खुंटावर, आदळला की हुंकारायची, उसासायची. आणि मधूनच, नळीचा नेम धर, असं बजावायची.

ती नटी नव्हती, की जाहिरातीतली निवेदिकाही नव्हती. तो आवाज सुझॅन चियानी या संगीतकार बाईंचा होता आणि त्या यंत्रातले इतर आवाजही त्यांनीच घडवले होते. हे कळलं की झेनॉनकडे बघण्याची रीत बदलते. काचेवर जे भविष्य रंगवलं होतं, म्हणजे निळसर अंधार, प्रकाशाच्या नळ्या, अर्धी माणूस आणि अर्धी यंत्र अशी स्त्री, ते त्या वर्षांत कुठल्याही स्वस्त विज्ञानकादंबरीच्या मुखपृष्ठावर मिळत होतं. माझ्या मते त्या पेटीतली खरी विज्ञानकथा लाऊडस्पीकरच्या मागे घडली. यंत्रांना आवाज देण्यात जिचं सबंध तरुणपण गेलं, ती बाई इथे आपल्याच आवाजाचं यंत्र करत होती.

पण आधी या खेळाबद्दल. आपल्याकडे पिनबॉलची यंत्रं थोड्याच लोकांनी पाहिली. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात जी व्हिडिओ गेम पार्लर निघाली, त्यांत पडद्यावरचेच खेळ जास्त. पण त्याचा पूर्वज अनेक मराठी घरांत होता. बॅगाटेलची ती लाकडी पाटी: खिळ्यांची कुंपणं, अर्धगोल खोबणी, त्यांत रंगवलेले आकडे, उजव्या कडेला स्प्रिंगचा दांडा आणि गोट्या. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी ऊन टळेपर्यंत मुलांना घरात डांबून ठेवायला आयांना फार उपयोगी पडणारी वस्तू. गोटी हवी तिथे जावी म्हणून पाटी हळूच कलती करणारा एक भाऊ प्रत्येक घरात असायचा, आणि त्यावरून भांडणही.

हाच खेळ अमेरिकेत वाढत वाढत पिनबॉल झाला. सिनसिनाटीत स्थायिक झालेल्या माँटेग्यू रेडग्रेव्ह या मूळच्या इंग्रज कारखानदारानं १८७१ मध्ये बॅगाटेलच्या सुधारित रूपाचं पेटंट घेतलं. काठीनं गोटी ढकलण्याच्या जागी स्प्रिंगचा दांडा आला तो तिथून. पुढे १९३१ मध्ये, महामंदीत, डेव्हिड गॉटलीबनं ‘बॅफल बॉल’ काढला. दुकानाच्या काउंटरवर मावेल एवढी पेटी, एका सेंटला एक डाव. नोकरी गेलेल्या माणसाला एका सेंटात थोडा वेळ जग विसरता येत होतं; यंत्रं हजारोंनी खपली. गॉटलीबकडून पुरेसा माल मिळेना, तेव्हा रेमंड मलोनी या वितरकानं स्वतःच एक यंत्र बनवून घेतलं आणि त्या वेळच्या एका विनोदी मासिकाचं नाव उचलून त्याला ‘बॅलीहू’ म्हटलं. ते इतकं चाललं की कंपनीचंच नाव बॅली झालं. झेनॉन निघालं ते याच घराण्यातून.

या सुरुवातीच्या यंत्रांना फ्लिपर, म्हणजे बटण दाबून चेंडू परतवणारी पाती, नव्हते. चेंडू सोडायचा आणि बघत बसायचं. खेळणाऱ्याच्या हातात एकच गोष्ट उरत होती, यंत्राला धक्के देणं. हॅरी विल्यम्स या कल्पक माणसानं आधी पेटीच्या तळाला खिळे मारून पाहिले, म्हणजे खालून हात घालून उचलणाऱ्याला ते टोचावेत. मग त्याला शहाणपण सुचलं आणि त्यानं ‘टिल्ट’ची युक्ती काढली: फार हलवलं की डाव बाद. आजही प्रत्येक यंत्राच्या पोटात एका कड्याच्या मधोमध टांगलेला लंबक असतो. तो कड्याला टेकला की विद्युतमंडल पुरं होतं, फ्लिपर मरतात आणि डोळ्यांदेखत चेंडू गटारात जातो. चांगला खेळाडू यंत्र हलवतोच. फक्त लंबक टेकणार नाही एवढंच हलवतो. सुट्टीतल्या त्या भावांना ही विद्या उपजतच असते.

नेम नाही, नुसतं नशीब, वर जिंकलं तर दुकानदार पैसे नाहीतर बक्षीस देणार. म्हणजे हा जुगारच, असं सरकारला वाटणं साहजिक होतं. न्यूयॉर्कचा महापौर फिओरेलो ला गार्डिया यानं १९४२ मध्ये बंदी घातली, छापे घातले आणि छायाचित्रकारांसमोर स्वतः हातोडा घेऊन यंत्रं फोडली. त्यांच्या लाकडी पायांचे पोलिसांसाठी दंडुके बनवले. गंमत अशी की पाचच वर्षांनी, १९४७ मध्ये, गॉटलीब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’मध्ये हॅरी मॅब्सनं विजेवर चालणारे सहा फ्लिपर बसवले आणि नशिबाच्या खेळात कौशल्य आलं. पण कायद्याला हे कळायला आणखी २९ वर्षं लागली. १९७६ मध्ये रॉजर शार्प नावाचा तरुण लेखक न्यूयॉर्कच्या नगर परिषदेच्या समितीसमोर खेळून दाखवायला उभा राहिला. आणलेल्या यंत्रांपैकी मुख्य यंत्रात काही काळंबेरं असेल, असा सदस्यांना संशय. त्यांनी राखीव आणलेलं ‘बँक शॉट’ हे दुसरं यंत्र पुढे करायला लावलं. शार्पनं दांडा ओढताना आधीच सांगितलं, चेंडू वरच्या मधल्या गल्लीतून जाईल. गेला. बंदी उठली. त्यात नशिबाचा भाग बराच होता, असं शार्प यांनीच पुढे कबूल केलं. कौशल्याचा पुरावा म्हणून नशीब उपयोगी पडावं, यातला विनोद माझ्यासारख्याला त्या सगळ्या प्रकरणापेक्षा मोलाचा वाटतो.

तोवर पिनबॉलचा आवाज म्हणजे घंटा. पेटीच्या आत रिले खटखटत, आकड्यांची चाकं फिरत, आणि दहा, शंभर, हजार गुणांना वेगवेगळ्या पट्ट्यांवर ठोके पडत. हे आवाज खरेखुरे होते. धातूवर धातू आपटायचा तेव्हा ते यायचे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात रिलेंची जागा मायक्रोप्रोसेसरनं घेतली. आकडे नारिंगी रंगात चमकू लागले आणि घंटांच्या जागी इलेक्ट्रॉनिक सूर आले. पण कॉइल तीच राहिली. आजही फ्लिपर हलतो तो तांब्याच्या तारेच्या गुंडाळीत वीज सोडून लोखंडी दांडा आत खेचला जातो म्हणून. साडेसहा अंशांच्या उतारावर, सुमारे २७ मिलिमीटर व्यासाचा, ८० ग्रॅमचा पोलादी चेंडू. त्याला फेकायला कॉइल, त्याचा हिशोब ठेवायला चिप. इतका स्पष्ट संकर दुसऱ्या कुठल्या खेळण्यात दिसत नाही.

आणि नेमक्या याच वर्षांत अमेरिकेला अंतराळाचं वेड लागलं होतं. ‘स्टार वॉर्स’ १९७७ चा. पाठोपाठ गॉटलीबनं ‘क्लोज एन्काउंटर्स’चं यंत्र काढलं, बॅलीनं ‘स्टार ट्रेक’चं. जुन्या पत्त्यांच्या राण्या, काउबॉय, सर्कशी मागे पडल्या आणि काचेवर उल्का, ग्रह, लेझरच्या रेघा आल्या. यातलं बरंचसं नुसतं रंगकाम होतं: खाली पाट तोच, बंपर तेच, वर रॉकेट. मग १९७९ मध्ये विल्यम्स कंपनीनं ‘गॉर्गर’ आणलं आणि यंत्र पहिल्यांदा बोललं. गॉर्गर हा लाल अंगाचा राक्षस. त्याला सात शब्द येत. ते उलटसुलट जोडून तो धमक्या द्यायचा. व्याकरणाची पर्वा त्यालाही नव्हती आणि गिऱ्हाइकालाही. बारमधल्या गोंगाटात एक पेटी माणसाच्या भाषेत गुरगुरते म्हटल्यावर लोक बघायला येत, आणि बघायला आलेला माणूस नाणं टाकतोच. शिकागोतल्या शिकागोत स्पर्धक बोलका झाला म्हणजे बॅलीला गप्प बसणं परवडणारं नव्हतं.

बॅलीचा आराखडाकार होता ग्रेग क्मिएक. ‘विझर्ड’ आणि एल्टन जॉनचं चित्र असलेलं ‘कॅप्टन फँटॅस्टिक’ ही सत्तरच्या दशकातली गाजलेली यंत्रं त्याचीच. झेनॉनसाठी त्यानं एक नळी आखली. पारदर्शक प्लास्टिकची, कमान करून पाटावरून गेलेली, भोवती दिवे. चेंडू तिच्या तोंडात नेऊन पोचवला की तो तुमच्या डोळ्यांसमोर, बंपरांच्या आणि दिव्यांच्या डोक्यावरून, पाटाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो. गुण मिळतात ते वेगळेच, पण त्या अर्ध्या-एक सेकंदात खेळणारा काहीही करू शकत नाही, फक्त बघतो. जिथे हात सतत फ्लिपरच्या बटणांवर असतात त्या खेळात ही सक्तीची उसंत फार हुशारीची आहे. शिवाय एका वेळी दोन चेंडू खेळात येण्याचा प्रकारही त्यात होता. चित्रं पॉल फॅरिस यांची. खाली पाटावर आणि वर काचेवर एकच निळंजांभळं जग, आणि त्यात मोठा, थंड, सुंदर चेहरा.

आता त्या चेहऱ्याला आवाज हवा होता.

सुझॅन चियानी यांचा जन्म १९४६ चा. मॅसॅच्युसेट्समध्ये वाढल्या, वेलस्ली या मुलींच्या नामांकित कॉलेजात शिकल्या, पियानो शिकल्या, आणि संगीतरचनेत पदव्युत्तर शिक्षण घ्यायला कॅलिफोर्नियात बर्कलीला गेल्या. तिथे त्यांची गाठ डॉन बुक्ला या माणसाशी पडली. बुक्ला इलेक्ट्रॉनिक वाद्यं बनवायचा आणि त्याला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कीबोर्ड अजिबात मान्य नव्हता. नवं वाद्य म्हटल्यावर त्यावर जुन्या पियानोची बोटं कशाला? त्याच्या वाद्याला स्पर्शपट्ट्या, शेकडो खुंट्या, आणि एका भागातून दुसऱ्या भागात जोडायच्या रंगीत तारा. चियानी त्याच्या कारखान्यात काम करू लागल्या. हाताला सोल्डरचे चटके घेत वाद्य आतून शिकल्या. संगीतकारानं वाद्याच्या पोटात हात घालणं ही आपल्याकडे तंबोरा-सतार बनवणाऱ्या मिरजेच्या कारागिरांना नवलाची गोष्ट वाटणार नाही. पाश्चात्त्य संगीतशिक्षण घेतलेल्या विद्यार्थिनीला मात्र होती.

१९७४ मध्ये त्या न्यूयॉर्कला गेल्या. बुक्लाच्या वाद्यावर रेकॉर्ड करावी, अशी इच्छा. रेकॉर्ड कंपन्यांचे लोक त्यांना भेटत, वाद्याकडे बघत आणि गाणं केव्हा म्हणणार, ते विचारत. बाई आणि संगीत म्हटलं की गाणारी बाई, एवढंच त्या कार्यालयांत बसत होतं. चियानी यांनी मुलाखतींत हे अनेकदा सांगितलंय. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत त्यांच्या तारांच्या जंजाळाला कुठली पेटी कशाला जोडायची, हेही तिथल्या तंत्रज्ञांना समजत नसे.

पोट भरलं ते जाहिरातींनी. कोका-कोलाची बाटली उघडल्याचा आणि पेलात ओतल्याचा तो फसफसता आवाज, जो जाहिरातीत ऐकून घसा कोरडा पडायचा, तो बाटलीतून आलेला नव्हता. चियानी यांनी तो बुक्लाच्या वाद्यावर बनवला होता. एका आवाजानं नाव झालं. मग दूरचित्रवाणीवरची बोधचिन्हं, सौंदर्यप्रसाधनं, मासिकांच्या जाहिराती. त्यांनी स्वतःची कंपनी काढली. १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या संगीताची मेको या संगीतकारानं जी डिस्को आवृत्ती केली आणि जी अमेरिकेत प्रचंड खपली, तिच्यातले अंतराळी चित्कारही त्यांचेच. वस्तूला आवाज देणं हा त्यांचा धंदा झाला होता: ज्या गोष्टीला आवाज नाही, तिला तो असता तर कसा असता, हे अर्ध्या मिनिटात पटवून द्यायचं.

त्यामुळे बॅलीनं त्यांना गाठलं यात आश्चर्य नाही. आश्चर्य असेल तर ते कामाच्या स्वरूपात. जाहिरात तीस सेकंदांची असते. तिला आरंभ, मध्य, शेवट असतो आणि तो कधी यायचा ते संगीतकाराच्या हाती असतं. पिनबॉलमध्ये काळ चेंडूच्या मालकीचा. तो तीन सेकंदांत बुडेल किंवा पाच मिनिटं जगेल. एका क्षणी बंपरांच्या मध्ये सापडून दहा ठोके खाईल, पुढच्या क्षणी नुसताच घरंगळत खाली येईल. म्हणजे रचायचे ते तुकडे. प्रत्येक तुकडा दुसऱ्या कुठल्याही तुकड्याच्या आधी, नंतर, किंवा त्याला मध्येच तोडून वाजला तरी कानाला खटकता कामा नये. एका अर्थी हे बुक्लाच्या वाद्यावरच्या वादनासारखंच काम, कुठली तार कुठे जोडली की काय होईल याचे नियम आधी बांधायचे आणि मग प्रसंगाला त्यांच्यावर सोडून द्यायचं. फक्त इथे वादक म्हणून बारमधला कुणी अनोळखी माणूस उभा राहणार होता, आणि आपण काही वाजवतोय हे त्याला माहीतही नसणार होतं.

शिवाय जागेची टंचाई. बोलणं साठवायचं तर चिपमध्ये, आणि चिप महाग. त्या यंत्रातली सगळी स्मृती मोजली तर आजच्या मोबाईलवरच्या एका साध्या छायाचित्राला पुरणार नाही. बॅलीनं बोलण्यासाठी वेगळं सर्किट बनवलं आणि त्याला ‘व्होकलायझर’ नाव दिलं. त्यात मावण्यासाठी माणसाचा आवाज इतका आवळावा लागे की त्याच्या कडा झिजून जायच्या, मागे एक खरखर उरायची. गॉर्गरच्या वेळी ती खरखर राक्षसाला शोभली. बाईच्या आवाजाला ती कशी शोभणार, हा प्रश्न होता. चियानी यांनी ती अडचणच कामाला लावली. शब्द मोजके, संथ, मध्ये मोकळी जागा ठेवून उच्चारलेले. आणि शब्दांहून जास्त नुसते स्वर, हुंकार, श्वास. श्वासाला कडा नसतातच, त्यामुळे झिजून जाण्यासारखं काही उरत नाही. ऐकताना वाटतं की आवाज दूरच्या ग्रहावरून येतोय म्हणून असा आहे. प्रत्यक्षात तो काही किलोबाइटच्या दारातून अंग चोरून येतोय.

या कामाचं चित्रीकरणही झालं. ‘ऑम्नी’ या त्या काळी लोकप्रिय असलेल्या विज्ञान मासिकाच्या दूरचित्रवाणी मालिकेनं चियानी आणि झेनॉनवर एक भाग केला. तो अजून पाहायला मिळतो. स्टुडिओत बसलेली एक सडपातळ, हसतमुख तरुणी माइकसमोर उसासे टाकते, आणि मग तो उसासा खुंट्या फिरवून हवा तसा पिळते, वाकवते. तिच्या चेहऱ्यावर लाज नाही आणि मादक वगैरे भावही नाही. सुताराच्या चेहऱ्यावर रंधा मारताना असते तसली तन्मयता आहे.

मादकपणाचा विषय टाळता येणार नाही. कंपनीला तो हवा होता, गिऱ्हाइकाला तो विकायचा होता, आणि चियानी यांना हे नीट माहीत होतं. बंपरवर चेंडू आदळला की बाईनं हुंकार द्यायचा, यामागची कल्पना काही फार उदात्त नव्हे. काचेवरच्या जुन्या बाया जे डोळ्यांना देत होत्या तेच आता कानांना, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण सबंध डाव खेळून, किंवा कुणी खेळत असताना शेजारी उभं राहून ऐका. हुंकार खेळणाऱ्याच्या कर्तबगारीला दाद म्हणून येत नाहीत. ते यंत्राला झालेल्या आघाताचे आहेत. घंटा वाजायची तेव्हा तिथे धातू होता. आता तिथे देह असल्यासारखं वाटतं. आणि शब्द येतात ते आर्जवाचे नाहीत. कुठे मारायचं ते ती सांगते. आजच्या फोनमधल्या आणि मेट्रोतल्या बायकी आवाजांना अदब शिकवलेली असते, त्या मदतनीस असतात. झेनॉनची बाई यजमानीण आहे. तिच्या घरात तुम्ही आलात, तिचे नियम. पुरुषांच्या त्या अड्ड्यावर, एका पुरुषी धंद्यानं मागितलेल्या मादक आवाजात हा हुकमीपणा कुणी मिसळला असेल तर तो आवाजाच्या मालकिणीनंच. ज्यांना वर्षानुवर्षं ‘गाणं केव्हा म्हणणार’ असं विचारलं गेलं, त्यांनी शेवटी तोंड उघडलं ते हे असं.

यंत्रं सुमारे ११,००० विकली गेली. चांगला आकडा. तरी त्यात एक उपरोध दडलेला होता. बॅलीच्याच मालकीची मिडवे नावाची कंपनी व्हिडिओ गेम विकायची. जपानी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ तिनंच अमेरिकेत आणला होता, आणि १९८० च्या शरद ऋतूत, झेनॉन येत होतं त्याच सुमारास, तिनं ‘पॅक-मॅन’ आणला. बारमालकाच्या बाजूनं विचार केला तर निवड सोपी होती. पिनबॉलच्या पेटीला जागा जास्त लागते, तिच्या रबरी कड्या झिजतात, दिवे जातात, पाटावर मेण चोळावं लागतं, चेंडू अडकला तर काच काढावी लागते. पॅक-मॅनला काय, पडदा आणि एक दांडी. दोनतीन वर्षांत पिनबॉलचा धंदा कोसळला. चियानी यांनी पडद्यावरच्या खेळांचं काम केलं नाही असंही नाही. अटारीच्या जाहिरातींचे आवाज त्यांच्याच स्टुडिओतून गेले. आवाजाला कुठलीच बाजू घ्यावी लागत नाही. बॅलीनं आपला पिनबॉलचा कारभार १९८८ मध्ये विल्यम्सच्या घराण्याला विकून टाकला. म्हणजे गॉर्गरवाल्यांनाच.

चियानी पुढे निघून गेल्या. १९८१ च्या ‘द इन्क्रेडिबल श्रिंकिंग वुमन’ या विज्ञानविनोदी चित्रपटाचं संगीत त्यांचं. हॉलिवूडच्या मोठ्या चित्रपटाला एकटीनं संगीत देणाऱ्या पहिल्या बाई म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. १९८२ मध्ये ‘सेव्हन वेव्ह्ज’ हा त्यांचा आल्बम निघाला, तोही आधी जपानात. नंतर त्या कॅलिफोर्नियात समुद्राकाठी राहायला गेल्या आणि बराच काळ पियानोकडे वळल्या. सत्तरीच्या उंबऱ्यावर त्यांनी पुन्हा बुक्लाचं वाद्य हाती घेतलं आणि आता त्यांच्या नातवंडांच्या वयाची मुलं ते ऐकायला गर्दी करतात. पिनबॉलच्या लोकांनी २०१३ मध्ये त्यांना पिनबॉल एक्स्पोच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. यंत्र निघाल्यावर तेहेतीस वर्षांनी.

आणि ती यंत्रं? जी उरली ती हौशी लोकांच्या तळघरांत आणि संग्रहालयांत आहेत; कॅलिफोर्नियात अलामीडाला, नेव्हाडात लास व्हेगासला जुनी यंत्रं नुसती बघायची नाहीत, खेळायची अशी ठिकाणं आहेत. झेनॉन चालू ठेवणं कटकटीचं. त्या काळच्या बॅलीच्या सगळ्या यंत्रांना एकच आजार: मुख्य सर्किटवर एक छोटी निकेल-कॅडमियमची बॅटरी डकवलेली असते, वीज गेली तरी उच्चांक लक्षात राहावेत म्हणून. काही वर्षांनी ती पाझरते आणि तिचा क्षार आजूबाजूचे तांब्याचे मार्ग खात जातो. जुनं यंत्र विकत घेणारा जाणकार किंमत विचारायच्या आधी मागची पेटी उघडून तो हिरवा डाग शोधतो. नारिंगी आकड्यांच्या काचनळ्यांना पावणेदोनशे व्होल्टच्या आसपास दाब लागतो, त्या मंद पडत जातात. मागच्या काचेवरचा रंग उष्णतेनं पापुद्रे धरतो आणि फॅरिस यांच्या बाईचा गाल सुटून येतो. पारदर्शक नळीला तडे जातात. तशी नळी आज नव्यानं बनवून विकणारे लोक आहेत, कारण नळीवाचून झेनॉनला अर्थ नाही.

आवाज मात्र सर्वांत टिकाऊ निघाला. चिपमधला मजकूर उतरवून नव्या चिपमध्ये भरता येतो, अक्षरही न गमावता. त्यामुळे दुरुस्त केलेल्या झेनॉनमध्ये दिवे नवे असतात, रबर नवं, आकडे नवे, कधी पाटसुद्धा नवा. खरखर तेवढी १९८० चीच.

खेळ म्हणून झेनॉन सर्वोत्तम आहे, असं जाणकार क्वचितच म्हणतील. त्याच वर्षीचं विल्यम्सचं ‘फायरपॉवर’ जास्त चपळ आहे, आणि दोन मजली पाटाचं ‘ब्लॅक नाइट’ जास्त खट्याळ. झेनॉनमध्ये नळीचा नेम एकदा साधला की माणूस तोच तो मारत बसतो. मला ते चालतं. आजची नवी पिनबॉल यंत्रं पाहिली की झेनॉनचं मोल जास्तच जाणवतं. त्यांत पडदा असतो, चित्रपटातली दृश्यं असतात, नामवंत नटांनी मुद्दाम म्हटलेली शेकडो वाक्यं असतात. स्मृती स्वस्त झाली आहे, त्यामुळे यंत्र एक क्षणही तोंड मिटत नाही: चेंडू कुठे न्या, का न्या, नेला नाही तर जगाचं काय होईल, सगळं बडबडत असतं, आणि तिसऱ्या डावापर्यंत त्यातलं काही ऐकू येईनासं होतं. झेनॉनकडे बोलायला जागाच नव्हती. तिचं एखादं वाक्य आलं की खेळणाऱ्याचा हात अजूनही क्षणभर चुकतो.